तोंडी हरकत

"वीस मिनिटं गप्प बसायचं, एवढंच ना?" अण्णा म्हणाले. "अरे, मी चव्वेचाळीस वर्षं अख्ख्या कर्जतला गप्प बसवलंय. हाताची घडी, तोंडावर बोट. माझ्या वर्गात पंखासुद्धा विचारून फिरायचा. आणि तू मला गप्प बसायला शिकवतोस?"

एवढं बोलून दत्तोपंत टिपणीस, म्हणजे अण्णा, वय एक्क्याऐंशी, शाळेचे संस्थापक, संस्थेचे अध्यक्ष आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज साडेदहाला फाटकात उभे राहणारे गणिताचे मास्तर, जुन्या प्रयोगशाळेतल्या लाकडी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि नातवाला म्हणाले, "हं. थाप."

पुतळ्यासाठी चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणून केयूरनं आजोबांच्या तोंडाला व्हॅसलीन मघाशीच चोपडलं होतं. कपाळ, भुवया, हनुवटी. मिशीला तर दोन थर. "मिशी महत्त्वाची हं अण्णा. केस कोरडा राहिला की प्लास्टर सोडत नाही." अण्णांनी मान डोलावली होती आणि हात धुवायच्या निमित्तानं बेसिनवर गेले होते. बेसिनवर आरसा होता, तिथंच सगळं बिघडलं. व्हॅसलीननं चप्प झालेली मिशी ओठावर अशी पडली होती की जणू कावळा पाण्यात पडून वर आलाय. पुतळा म्हणजे कायमचा. पोरांनी कायमचा हा कावळा बघायचा? अण्णांनी मिशी रुमालानं खसाखसा कोरडी केली, कार्यानुभवाच्या कपाटातली डिंकाची बाटली काढली, दोन बोटं डिंक घेऊन टोकं झोकात वर वळवली आणि कुणाला काही न सांगता येऊन बसले.

गणिताच्या माणसाला डिंक आणि प्लास्टर यांची बेरीज येऊ नये, याचं पुढे सगळ्यांनाच नवल वाटलं.

केयूरनं पट्ट्या भिजवून लावायला घेतल्या. हाड मोडल्यावर बांधतात तसल्याच, आणि त्यांच्यावर थापायला पेणहून आणलेली पावडर, गणपतीवाले वापरतात ती. एका प्लास्टिकच्या बादलीत प्लास्टर कालवलं होतं, आणि त्यात बेतानं पाणी घालायला अण्णांचाच पितळी तांब्या हाताशी होता. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या, कानात कापूस घातला. "श्वास नीट चालू असेल तर अंगठा वर करा. नसेल तर खाली. खाली दिसला की मी लगेच काढतो."

अण्णांनी अंगठा वर केला. ओठांवर पट्टी बसली. अकरा वाजले, आणि बाहेर शिपायानं घंटा दिली. रविवार होता, वर्ग नव्हते, पण संस्थेची सभा अकराला म्हणजे अकराला, आणि सभेला घंटा हवीच, हा अण्णांचाच नियम.

साचा दहाला व्हायचा होता आणि सभा अकराला. डिंकात आणि कुरबुरीत तास गेला. पद्मजा म्हणालीच होती, "अण्णा, सभा अर्धा तास पुढे ढकलू या." त्यावर अण्णांनी उत्तर दिलं होतं, "काही गरज नाही. दोन्ही एकदम होऊ देत. अध्यक्षाला सभेत तोंड उघडावं लागतं ते फक्त हरकत घ्यायला. आणि मी समोर बसलो असताना हरकत घेण्यासारखं बोलेल कोण?"

*

पद्मजा गेली अकरा वर्षं मुख्याध्यापिका होती आणि तीस वर्षं अण्णांची सून. यातलं दुसरं काम जास्त अवघड, आणि त्याला उन्हाळ्याची सुट्टीही नाही.

तिला जुनी प्रयोगशाळा हवी होती. नवीन प्रयोगशाळा मागच्या बाजूला झाल्यापासून हा एवढा मोठा हॉल एक सांगाडा आणि मोडकी बाकं सांभाळत पडून होता. तिथं चित्रकला, मातीकाम, एका टोकाला छोटं स्टेज, नाटक, तबला. लोधिवलीकडे नवीन शाळा निघाली होती, तिथली पोरं म्हणे व्हायोलिन वाजवतात, आणि कर्जतचे पालक ते ऐकून यंदा चौतीस दाखले काढून घेऊन गेले होते. आपल्याकडे कलेचा तास म्हणजे वेळापत्रकात आठवड्याला एक, आणि त्या तासाला अण्णा खडू घेऊन वर्गात शिरायचे. "कला नंतर. आधी त्रैराशिक." माथेरानच्या घोडेवाल्याचा पोरगा सातवीत होता. गणितात शंभरपैकी चार. पण घोडा असा काढायचा की बापानं त्याला लगाम घालावा. त्याचाही दाखला गेला होता.

पण खरी गोष्ट दाखल्यांची नव्हती. खरी गोष्ट तिच्या पर्समध्ये घडी करून होती. पुण्याच्या एका शाळेनं केयूरला कलाशिक्षक म्हणून बोलावलं होतं, आणि आज दुपारी बारापर्यंत उत्तर मागितलं होतं. पत्र फक्त आईला दाखवलेलं. "हॉल मिळाला तर राहतो, आई," तो म्हणाला होता. "जिन्याखाली बसून अजून एक वर्ष नाही शिकवणार. परवा वॉटरकलर चालू असताना वरून डबा सांडला. आमटी. पोरानं विचारलं, सर, हा कोणता शेड?"

म्हणून हा पुतळा. कलादालनाच्या दारात अण्णांचाच चेहरा बसवायचा. स्वतःचा चेहरा ज्या दारात आहे ते दार म्हातारा कशाला बंद करेल? पद्मजाला हा बेत फार आवडला होता. तिला स्वतःचे बेत नेहमीच फार आवडायचे.

नवऱ्याचा उपयोग नव्हता. तो दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेला होता. मागच्या महिन्यात.

*

टेबलाभोवती अण्णा धरून चार विश्वस्त. अण्णांच्या डावीकडे पद्मजा. उजवीकडे धाकटा मुलगा हर्षद, येताना स्टेशनवरचे वडे घेऊन आलेला. समोर मकसूदभाई, अण्णांचे बालमित्र, शाळेत एका बाकावर बसलेले, खालापूर नाक्यावर लाद्या, बेसिन आणि नळांचं दुकान. आणि टेबलाच्या टोकाला, विश्वस्त नसलेली, पण अक्षर चांगलं म्हणून गेली दोन वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिणारी फिझा. मकसूदभाईंच्या मुलीची मुलगी, शाळेत आठवड्याला तीन दिवस नाटक शिकवायची. तिची रंगभूमी म्हणजे सायकल स्टँड.

हर्षदनं वड्याचा घास घेतला आणि वडिलांकडे पाहिलं. पांढरं, गुळगुळीत, ओलं. दोन नाकपुड्या सोडल्या तर माणूस असल्याचा पुरावा नाही. तोंडाच्या जागी दोन इंच प्लास्टर.

आणि हर्षदला नियम सात आठवला.

हा नियम टिपणीसांच्या घरात आरतीसारखा पाठ होता. एक्क्याऐंशी साली अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला. कुठल्याही ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक. त्यावर अध्यक्षांनी सभा संपायच्या आत तोंडी हरकत घेतली नाही, तर ठराव संमत. आणि संमत ठराव वर्षभर कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. 'बापाला' हा शब्द नियमातलाच. अण्णा चव्वेचाळीस वर्षांत कधी 'मान्य' म्हणाले नव्हते. ते गप्प बसायचे म्हणजे मान्य. नाहीतर गरजायचे, "हरकत!" आणि विषय संपायचा. घरातही तेच. हर्षदचं लग्न असंच ठरलं होतं, आणि पहिलं असंच मोडलं होतं.

हर्षदनं वडा खाली ठेवला.

"वहिनी, वेळ कशाला घालवायचा? मी ठराव मांडतो. जुनी प्रयोगशाळा फाउंडेशन क्लासला द्यावी. सहावीपासून इंजिनिअरिंग-मेडिकलची तयारी. खोपोलीची क्लासवाली मंडळी तयार आहेत. सगळ्या हॉलला नवीन लाद्या."

"अनुमोदन," मकसूदभाई म्हणाले. 'लाद्या' ऐकून त्यांचा हात आपोआप वर गेला होता.

"अहो भावजी, अण्णांना विचारल्याशिवाय..."

"विचारतोय ना. अण्णा, काही हरकत?"

अण्णांनी खुर्चीचा हात दणादणा आपटला. टेबल हललं, वडे उडाले.

"खुर्ची आपटणं तोंडी नाही," हर्षद म्हणाला. "फिझा, लिही."

"ते 'म्म्म' करतायत," फिझा म्हणाली.

"मग 'म्म्म' लिही."

फिझानं लिहिलं: ठराव १. अध्यक्ष 'म्म्म' असे म्हणाले. संमत.

"अण्णा! अण्णा, श्वास ठीक आहे ना?" केयूर घाबरून खाली वाकला.

अण्णांचा श्वास ठीक होता. आणि काय वाटेल ते झालं तरी खोटं उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी तीन पिढ्यांना छडीनं शिकवलं होतं. अंगठा वर गेला.

"बघा," हर्षद म्हणाला. "खूशच आहेत."

*

आत गरम होत होतं. प्लास्टर सुकताना तापतं हे नातवानं सांगितलं होतं, पण एवढं तापतं हे नव्हतं सांगितलं. शिवाय मिशी ओढली जात होती, एकेक केस, शिस्तीत, प्रार्थनेला रांगेनं उभा केल्यासारखा. कानातल्या कापसातून सगळं ऐकू येत होतं. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्या वर्गातल्या पोरांना कसं वाटत असेल. हा अनुभव त्यांना अजिबात आवडला नाही.

हर्षद्या! गाढवा! माझ्या शाळेत क्लासवाले? अण्णांनी पोटातून जोर काढून गर्जना केली.

"म्म्म," असं ऐकू आलं.

*

पद्मजाला राग यायला चार सेकंद लागले आणि डोकं चालायला पाच. ठराव बदलता येत नाही. ठीक. पण बदलायचा कुणाला आहे?

"माझा पण ठराव," ती गोड आवाजात म्हणाली. गोड आवाज ऐकून केयूरनं मान खाली घातली, त्याला हा आवाज लहानपणापासून माहीत होता. "फाउंडेशन क्लासला हॉल दिलाय, उत्तम. त्या हॉलमध्ये रोजचे पहिले चार तास चित्रकला, मातीकाम, नाटक आणि तबला असतील. कुठलाही वर्ग असो. त्यानंतर भावजींनी फाउंडेशन खुशाल घालावं."

"चार तास?" हर्षद ताडकन उठला. "मग फाउंडेशन कधी, रात्री? आणि अनुमोदक कुठाय तुमच्याकडे? दादा तर मौनात बसलाय."

पद्मजानं मकसूदभाईंकडे पाहिलं. "मकसूदभाई, मातीकाम म्हटलं की हात धुणं आलं. बेसिन लागणार."

मकसूदभाईंनी चष्मा वर केला. "किती?"

"सहा."

"अनुमोदन."

"मकसूदभाई! आत्ता तुम्ही माझ्या बाजूनं होतात!"

"मी लाद्यांच्या बाजूनं होतो, हर्षद. आता बेसिनच्या पण हाय. ठराव काय एकमेकांना चावत नाय."

"अण्णा, काही हरकत?" पद्मजानं विचारलं. खुर्ची दणाणली. "खुर्ची तोंडी नाही ना भावजी? फिझा, लिही."

ठराव २. अध्यक्ष पुन्हा 'म्म्म' असे म्हणाले. संमत.

केयूर प्लास्टर लागलेले हात हवेत धरून उभा होता. हॉल मिळाला? मिळाला म्हणायचा का? आजोबांच्या तोंडावरून हे निघेल आणि पहिला शब्द बाहेर पडेल तो काय असेल हे त्याला माहीत होतं. सभा अजून संपलेली नव्हती. घड्याळात अकरा दहा.

हर्षदला आता घाम फुटला, आणि घाम फुटला की त्याच्या हातून भलतंच काहीतरी व्हायचं. समोर तांब्या दिसला. पाणी प्यावं म्हणून त्यानं उचलला, आत पांढरं दिसलं, तोंड वाकडं केलं आणि "धुवायचा असेल" म्हणून तसाच बादलीत बुडवून ठेवला.

"तिसरा ठराव," तो म्हणाला. "या हॉलमध्ये मानधनावरच्या माणसांनी शिकवायचं नाही. फक्त कायम शिक्षक."

हा घाव बरोबर बसला. शाळेत मानधनावर दोघंच होते. एक केयूर. दुसरी समोर बसून हेच लिहीत होती.

फिझाचं पेन थांबलं नाही. "अनुमोदक कोण लिहू?" तिनं सरळ विचारलं.

हर्षदनं मकसूदभाईंकडे बघितलं. "नळ," तो घाईनं म्हणाला. "प्रत्येक मजल्यावर नळ बदलू. पितळी."

मकसूदभाईंनी आधी नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरगी सायकल स्टँडवर नाटक शिकवते रं. मागच्या वेळेला राजा मेला तो पंक्चरच्या टपात पडून. मी काय बोललो नाय. तिला वाटेल नाना धंदा सोडून भांडतो. पण आता तू तिला स्टँडवरून पण हाकलतोस?"

"नाना, माझ्यासाठी नको," फिझा मान वर न करता म्हणाली. "लिहायचं काय ते सांगा."

"अनुमोदन नाय. लिही."

ठराव ३. अनुमोदनाअभावी बारगळला.

हर्षद खाली बसला. पण आता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच हसू उगवलं. त्यानं घड्याळ पाहिलं. "हरकत नाही. सभा काही संपलेली नाही. दहा मिनिटांत प्लास्टर निघेल. अण्णांना कळू दे चार तास तबला. माझा ठराव गेला तरी चालेल, तुमचा आधी जाईल. मी वडे खातो."

पद्मजाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहराही प्लास्टरसारखा झाला. "सभा संपली असं मी जाहीर करते," ती म्हणाली.

"सभा अध्यक्ष संपवतात, वहिनी. तोंडी."

"थांबा रं जरा," मकसूदभाई म्हणाले. "माझा एक ठराव हाय. चव्वेचाळीस वर्षांत पहिला. आज दत्तू गप्प हाय, आजच मांडतो."

*

कापसातून 'दत्तू' ऐकू आलं. मकसूद्या, नको.

"तुमाला वाटतं ह्याला चित्रकलेचा राग हाय," मकसूदभाई टेबलावर कोपर टेकून म्हणाले. "राग नाय. अठ्ठावन्न साली आमी दोघं एलिमेंटरीला बसलो, पनवेलला. वस्तुचित्र. समोर तांब्या, फडकं आणि दोन वांगी. सगळी पोरं अंदाजानं काढतात. ह्यानं कंपास काढला. पट्टी काढली. तांब्याची त्रिज्या मोजायला उठला तर मास्तरनं खाली बसवला. तीन तासांत ह्याच्या कागदावर एक वर्तुळ. बरोब्बर वर्तुळ हां, चूक नाय काढू शकत कोण. नापास. पुढच्या वर्षी परत बसला. परत तांब्या. परत वर्तुळ."

"अण्णा एलिमेंटरी नापास?" हर्षदच्या हातातला वडा तसाच राहिला. "आम्हाला तर सांगितलं होतं, त्या वर्षी परीक्षाच झाली नाही!"

"झाली. मला बी ग्रेड. घरी येताना हा माझ्याशी बोलला नाय. पनवेल ते चौक गाव, एक अक्षर नाय. तेवाच म्हणाला, मी शाळा काढीन, त्यात ही असली फालतुगिरी नसेल." मकसूदभाईंनी पांढऱ्या मुखवट्याकडे पाहिलं. "तर ठराव असा, की संस्थेच्या अध्यक्षांनी ह्या हॉलात बसून एकदा तांब्या काढावा. विदाउट कंपास."

"अनुमोदन," पद्मजा म्हणाली. हळू म्हणाली, तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं.

अण्णांनी या वेळी खुर्ची आपटली नाही. त्यांच्या डोळ्यांतून काही आलं असेल तर ते प्लास्टरनं पिऊन टाकलं. पिणं हा प्लास्टरचा गुणच आहे.

ठराव ४. अध्यक्ष काहीच म्हणाले नाहीत. 'म्म्म' सुद्धा नाही.

आणि तेवढ्यात टेबलावरचा केयूरचा फोन वाजला.

केयूरचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. "राहू दे," तो म्हणाला. पण हर्षद हा वाजणारा फोन राहू देणाऱ्यातला नव्हता. त्यानं बोट टेकवलं, स्पीकरही दाबला.

"केयूर टिपणीस ना?" बाईंचा पुणेरी, घडी घातलेला आवाज. "बारापर्यंत कळवतो म्हणाला होतात. मला आत्ता बाहेर पडायचंय, म्हणून आधी केला. पुढच्या सोमवारपासून येताय ना आमच्याकडे?"

वड्याचा घास चावायचा थांबला. मकसूदभाईंनी चष्मा काढला. हर्षदनं आधी फोनकडे, मग पुतण्याकडे पाहिलं. "पुणे?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली सगळी हुशारी एकदम गळाली. काका झाला तो बिचारा. "अरे, पुण्याला कशाला?"

केयूरनं तोंड उघडलं. हॉल होता की नव्हता, ते आजोबांच्या तोंडात होतं, आणि तोंड त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

"काही बोलत नाही आहात," बाई म्हणाल्या. "म्हणजे हो, असं समजू ना?"

हे वाक्य टिपणीसांच्या सभेत म्हणायचं नसतं, हे त्या बाईंना कसं माहीत असणार?

आत, अंधारात, अण्णांनी ते ऐकलं. त्यांना एक कागद आठवला. हा पोरगा पहिलीत असताना त्यानं गणिताच्या पेपरमागे आजोबा काढले होते. मिशी चेहऱ्याबाहेर गेलेली, कागदाबाहेर गेलेली, पुढच्या बाकावर संपलेली. अण्णांनी त्याला शून्य दिलं होतं. कागद अजून ट्रंकेत होता, शून्यासकट.

"हरकत!"

प्लास्टर फाटल्याचा आवाज नाकाखालून आला. तडा गालावर गेला. खालचा अर्धा साचा उखडून मांडीवर पडला आणि त्यासोबत मिशीची उजवी बाजू, डिंकासकट, झोकात वर वळलेली.

"हरकत! हरकत! आई गं!" अण्णा ओरडले. शेवटचा शब्द मिशीसाठी होता.

"अहो, तिथं काय चाललंय?" फोनमधल्या बाई म्हणाल्या.

"मॅडम," केयूर फोनवर वाकला, त्याचा आवाज हलत होता, हसण्यानं की कशानं कळत नव्हतं, "मी नाही येत. मला आत्ता माझ्या आजोबांचा चेहरा काढायचाय. म्हणजे, अडकलाय."

वरचा अर्धा साचा व्हॅसलीननं अलगद सुटला, पण मिशीची डावी बाजू कात्रीशिवाय सोडेना. कार्यानुभवाच्या कपाटात कात्री एकच निघाली, रंगीत कागद नागमोडी कापायची. पद्मजानं सासऱ्याची मिशी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली आणि नागमोडी कापली.

हर्षदनं तोवर पाण्याचा ग्लास वडिलांच्या हातात दिला होता, आणि लगेच तोंड कानाशी नेलं. "अण्णा, सभा चालू आहे. ऐकलंत ना सगळं? पहिले चार तास चित्रकला. तबला. मातीकाम! आणि तांब्या काढायचा म्हणे तुम्ही! म्हणा. एकदाच म्हणा. हरकत."

"मघाची हरकत कुठल्या ठरावाला होती, सर?" फिझानं पेन रोखून विचारलं. "मला लिहायचंय."

"पुण्याला," अण्णा म्हणाले.

"आणि ठराव दोनला?"

खोलीत पंखा फिरत होता, न विचारता. अण्णांच्या चेहऱ्यावर पांढरे पापुद्रे, ओठावर डावीकडे वेडीवाकडी झालर, उजवीकडे लाल कातडी. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं. हर्षदकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या सांगाड्याकडेही पाहिलं. मग केयूरकडे. पोरगा मांडीवरचा फुटका साचा उचलून, त्यातल्या मिशीला धक्का न लावता, दोन तुकडे जोडून बघत होता.

अण्णांनी हाताची घडी घातली. आणि तोंडावर बोट ठेवलं.

एक मिनिट गेलं. हर्षदनं शेवटचा वडा मकसूदभाईंकडे सरकवला.

"सभा संपली," अण्णा म्हणाले. आणि मग, भिंतीकडे बघत, "मकसूद्या, तुझा ठराव आत्ताच उरकून टाकू. नंतर माझं मन बदलेल. केयूर, कागद लाव. वांगी नसतील तर वडा चालेल. तांब्या आण."

तांब्या बादलीत होता, गळ्यापर्यंत. प्लास्टर बसलं होतं. केयूरनं ओढला, हर्षदनं ओढला, मकसूदभाईंनी दोन्ही पायांत बादली धरून ओढला. प्लास्टरवरून बादली निघाली. तांब्या निघाला नाही.